अकरावं पान

श्रावण लागला की आमच्या रत्नागिरीत
हॉटेलांच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या होतात.
म्हणून यंदा मालकांच्या संघाने पुस्तिका काढली :
पंधरा दिवस, अर्धा दर,
बारा पानं, बारा ठिकाणं,
फाडायला टिंबाटिंबांची रेघ.
मीही वर्गणी भरलेली. एक मला फुकट.

एकतीस वर्षं खानावळ चालवते.
बँकेतले, एसटीतले, नर्सिंगच्या मुली,
बदली होऊन आलेले, बदली होऊन गेलेले,
सगळ्यांना वाढलं.
स्वतः मात्र पातेल्याच्या कडेला, उभ्यानेच,
खरवड आधी, भात नंतर.

द्वारका म्हणाली, "जा गो बाय, मी बघत्ये हितलं."

हेगडेअण्णांकडे पोरगा पाणी घेऊन आला
तशी मी उठलेच. "राहू दे, मी घेते."
तो घाबरून गल्ल्याकडे बघायला लागला.
बसायलाही शिकावं लागतं.
सांबार गोडसर. गुळाचा खडा मोठा पडला,
मनात म्हटलं,
आणि दोन वाट्या प्यायले.

राजिवड्यात फातमाबी होडेकरांनी
राहत्या खोलीतच चार टेबलं मांडलीत.
"तुमचा श्रावण," त्याच म्हणाल्या,
आणि वेगळ्या टोपातली सांदणं आणली,
नारळाच्या रसात तरंगणारी.
माझी कधी अशी फुगली नाहीत.
विचारलं, तर इकडेतिकडे बघून
कानाशी आल्या : "माडी."
मी तोंडातला घास थांबवला.
मग गिळला.

भाट्याच्या पुलापलीकडे मानबहादूर.
आठ हंगाम आंब्याची राखण, चार ट्रॉलरवर,
आता पत्र्याच्या टपरीत कोबीचे मोमो.
पाटीवर त्याच्या गावचं नाव :
अक्षरं आपलीच, शब्द त्याचा.
मोदकाला मी एकवीस कळ्या पाडते.
त्याच्या मोमोला मोजल्या. सोळा.
"हात कुणाचा?"
"आईचा."
पुढे दोघंही काही बोललो नाही.

हातखंब्याच्या ढाब्यावर डाळीत डाळ शोधली.
तिथे अर्धे पैसेही जास्तच.

आणि मांडवीचं ते काचेचं हॉटेल.
वेटर हसतमुख होता, पुस्तिका पर्सबाहेर येईपर्यंत.
मग समुद्राकडची टेबलं एकाएकी राखीव झाली,
मला मिळालं मुतारीच्या दाराजवळचं.
सूप कोमट. चमचा दोनदा मागितला.
राग आला, तसं एक आठवलं :
उधारीवाल्या पोरांना वाढताना
माझा डाव तरी
कधी तळाला जातो?
त्या रात्री रिक्षा केली नाही. चालत आले.

अकरावं पान माझंच होतं.
सोमवारी, दुपारची पंगत उठल्यावर
रेघेवरून नीट फाडलं, द्वारकेच्या हातात दिलं
आणि खिडकीच्या टेबलाशी जाऊन बसले.
ती आधी हसली. मग पदर खोचला
आणि पाण्याचा पेला पुसून ठेवला,
परक्या माणसासमोर ठेवतात तसा.

इथे पोस्टातले तारकर बसायचे. नऊ वर्षं.
पहिल्याच महिन्यात म्हणाले होते, टेबल डुगडुगतं.
मी म्हटलं, सुताराला सांगते.
सुतार राहिला. तारकर पुन्हा बोलले नाहीत.
मला वाटलं, सवय झाली.

कोपर टेकून पाहिलं. हललं नाही.
वाकले.
पायाखाली एसटीचं तिकीट, घडीवर घडी,
फरशी पुसण्याच्या पाण्याने काळं पडलेलं,
फक्त "देवरुख" तेवढं वाचता आलं.
काढलं नाही.

इथून माझी चूल दिसते. चुलीशी माझी जागा,
आणि तिथे उभ्या माणसाची
पाठच तेवढी दिसते.

भात आला. काळ्या वाटाण्याची आमटी आली.
मीठ बरोबर. खोबरं हात राखून.
"अजून वाढू?" द्वारका.
"वाढ," म्हटलं,
"आणि खालून ढवळ."