एकोणीस ग्रॅम

ग्रॅनाइट गॉर्डन.
उंची सहा फूट नऊ, छाती अठ्ठावन्न,
लढती चारशे बारा, वजन दोनशे दहा किलो.
नाशिकरोडच्या पोस्टात, काट्यावर,
भरला दोन ग्रॅम.

गांगुर्डेबाई हसल्या नाहीत.
माझ्यामागे पेन्शनवाल्यांची रांग होती.
"कुठे?"
"पाटणला."
"मग टाक की साध्या पाकिटात, परवा पोचेल साताऱ्याला."
"नेपाळचं पाटण, मॅडम."
तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर घेतला
आणि गॉर्डनकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

आदल्या दिवशी कॅनडा कॉर्नरला जाऊन आलो होतो.
चौकाचं नाव परदेशी, कुरिअरचा भावही.
दोन हजार दोनशे, वर टॅक्स.
आणि हा गडी मला मिळाला होता जेल रोडच्या टपरीवर
दोन रुपयांच्या बबलगमसोबत फुकट.
सातवी ब मध्ये त्याच्यावरून मारामारी झाली,
त्यात माझा एक दात गेला. तो धरला तरी
बावीसशे होत नाहीत.

बाई सांगत गेल्या:
पार्सल केलंस तर बुडालास, पत्रात बसव.
पण पत्र वाकलं पाहिजे पत्रासारखं,
हा काय पाट आणलायस?

पाटच होता. निफाडच्या मावसभावाकडून आणलेला
द्राक्षपेटीचा पुठ्ठा, खाली एक, वर एक,
त्यावर 'एक्स्पोर्ट' छापलेलं,
मला वाटलं तेवढाच शकुन.
भरला त्रेपन्न.
"वीसच्या आत ये," बाई म्हणाल्या. "पुढचे."

घरी आलो. पुठ्ठा काढला.
आहेरांच्या मुलीची लग्नपत्रिका सापडली,
जाड, गुळगुळीत, वाकवली तर वाकणारी.
गणपती ठेवला बाजूला, बाकीचे दोन तुकडे केले.
देवळाली गावातल्या दुसाने सराफांनी
गुंजा-मासे मोजणाऱ्या काट्यावर सगळं मांडलं:
कार्ड दोन, प्लॅस्टिकची पिशवी एक,
पत्रिका नऊ, पाकीट सहा.
अठरा.
मग मी खिशातून पत्र काढलं.
बावीस.

दोन पानं होती, सुजन महर्जनसाठी.
त्याच्या वडिलांच्या गुडघ्याची चौकशी,
आमच्या गल्लीतल्या पाण्याची तक्रार,
आणि त्याच्या वहीतला तो एक रिकामा खिसा पाहून
मला रात्री झोप का लागली नाही, ते.
चार ग्रॅम.
दुसाने म्हणाले, "ह्यात घट करता येणार नाही."

शेवटी पत्रिकेच्या पाठीवर लिहिलं, मोडक्या हिंदीत,
वधूपित्याच्या विनंतीच्या मागच्या बाजूला:
'मित्रा, डावा कोपरा मी चावलेला आहे. लहान होतो.'
शाईला वजन नसतं. किंवा
सराफाच्या काट्यालाही दिसत नाही इतकं असतं.

दुसऱ्या दिवशी बाबा सोबत आले.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये तिकिटं छापली त्यांनी,
रोज संध्याकाळी गेटवर झडती देऊन घरी आले,
आणि परदेशी पत्र म्हणून आयुष्यात एकही टाकलं नाही.
मी पाच-पाचची सुटी तिकिटं घेत होतो.
"मोठ्या किमतीची घे, कमी लागतील," ते म्हणाले.
"तिकिटालाही वजन असतं. डिंकालाही."
मग अंगठ्याच्या नखाने दातेरी कड चाचपली,
रंग सरकलाय का बघितलं,
आणि चिकटवलं स्वतः, सरळ, एका फटक्यात.

एकोणीस.

"नंबर मिळेल का? कुठवर गेलं ते बघायला?"
"साध्या पत्राला नंबर नसतो," गांगुर्डेबाई म्हणाल्या.
"महिना धर. दीड धर."
शिक्का मात्र त्यांनी हलक्या हाताने मारला,
कार्डाची बाजू टाळून.

माझ्या वहीत सतरा खिसे रिकामे होते.
आता अठरा.

रिक्षात बाबा बिटको चौकापर्यंत गप्प.
मग म्हणाले,
"चारशे बारा लढती ना त्याच्या?"
"हो."
"किती हरला, ते लिहिलं नव्हतं कुठे."