जुनं नाव

पहिल्या दिवशी डाबरेंनी यादी उघडून दाखवली
तेव्हा वाटलं, हा माणूस भाऊच्या धक्क्यावरून थेट ऑफिसात आलाय.
बोंबील, मांदेली, हलवा, शिंगाळा,
एकेक सर्व्हर, एकेक मासा,
आणि मोठ्या डेटाबेसचं नाव घोळ.
"घोळ का?"
"पोटात भोत असतो ना. सगळा भाव त्या भोताचा."
एवढंच म्हणाले आणि डबा उघडला.

विक्रोळीत, सातव्या मजल्यावर, रात्री दीडनंतर
वारा फिरला की कांजूरचा कचरा एसीतून आत येतो.
तसल्या रात्रींत शिकले मी:
घटकाला प्रकार असतो, प्रकाराला गुणधर्म,
गुणधर्म सक्तीचा की ऐच्छिक ते आधी ठरवायचं,
पासवर्ड फाइलीत उघडा टाकायचा नाही,
टेस्टचं उष्टं प्रॉडक्शनच्या ताटात वाढायचं नाही.
आणि "तात्पुरते" या रकान्यात "होय" लिहिलं
की ते नऊ वर्षं टिकतं.

डाबरे गेले. निवृत्तीला सात महिने होते.
गिरिजला त्यांच्या मातीला आम्ही तिघी गेलो.
परत येऊन लॉगिन केलं, तर
मालक: ऑस्टिन डाबरे.
सक्तीचा रकाना, रिकामा ठेवता येत नाही.
राहू दिला.

यंदा वरून फर्मान आलं, नावं प्रमाण हवीत.
शहर, ठिकाण, क्रमांक. मासे नकोत.
फर्मान राबवायला निमिष, सहा महिन्यांची नोकरी, इस्त्रीचा शर्ट.
बोंबलाचा मुं-वि-०१ झाला, मांदेलीचा ०२,
हलवा, शिंगाळा, सगळे खवले काढून साफ.
घोळ पुसून नवा घटक करायला गेला
तर यंत्र म्हणालं:
काढता येत नाही. चौदा घटक याच्यावर अवलंबून आहेत.
"तेराच दिसतात मॅडम."

चौदावा सापडेस्तोवर साडेतीन वाजले.
फोल्डरात फोल्डर, त्याच्या तळाशी
एक लहानसं काम, दर अठ्ठावीस तारखेला चालणारं.
ज्या पेन्शनरांचा हयातीचा दाखला आलेला नाही
त्यांचे पैसे थांबवण्याआधी
एक महिना वाट बघ.
झालं. बाकी काही नाही.
कुठल्याही करारात हे कलम नव्हतं.
शेऱ्यात फक्त:
"म्हातारी माणसं. आजारी पडतात, गावाला जातात. थांबावं. ऑ. डा."

भोत.

निमिष गप्प. मग हळूच,
"हे अधिकृत आहे का?"
म्हटलं, खाली सायकलवाला असेल, दोन चहा आण.

तो गेला तशी मी मूळ प्रकाराची व्याख्या उघडली
आणि एक गुणधर्म वाढवला.
जुनं नाव. मजकूर. ऐच्छिक.
वर एकदा लिहिलं की खालच्या सगळ्या पोटप्रकारांना लागतं,
सासरच्या आडनावासारखं.
एकेकात भरत गेले, बोंबील, मांदेली,
शिंगाळ्याचं स्पेलिंग डाबरेंनी चुकवलं होतं, तेही तसंच.
घोळ पुसला नाही, नुसतं नाव बदललं,
चौदाही धागे शाबूत.
चहा आला तेव्हा गार झाला होता.

सोमवारी निमिषच ओरडला, मुं-वि-०७ बंद!
कुणी मान वर केली नाही.
फर्झाना म्हणाली, म्हणजे कोण रे?
त्यानं रकाना बघितला.
"घोळ! घोळ बंद आहे!"
आठ खुर्च्या एकदम मागे सरकल्या.

पंचवीस मिनिटांत उठवला त्याला.
मग सगळे जेवायला गेले आणि मी
मालकाच्या रकान्यात माझं नाव घातलं.
साठवताना यंत्र विचारतं, बदलाचं कारण?
बराच वेळ ती उभी रेघ लुकलुकत राहिली.
लिहिलं:
अठ्ठावीस तारीख जवळ आली.