वरचं वर

मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी सहा ते नऊ,
रॉकफर्डचं कम्युनिटी कॉलेज, खोली एकशे चौदा,
ड्राफ्टिंग, पातळी दुसरी.
पहिली मी माफ करून घेतली होती
मिरजेचं प्रमाणपत्र दाखवून.
ते चांगलंच अंगाशी आलं.

दिवसा स्क्रूच्या कारखान्यात खोकी मोजते.
बावन्नाव्या वर्षी माउस धरते
कंपास धरावा तसा, चिमटीत.
शेजारचा डार्नेल वेल्डर आहे, मनगटापर्यंत ठिणग्यांचे डाग.
म्हणतो, सोड की जरा, शॅलन,
उंदीर पळून नाही जाणार.

मिरजेला पंपांच्या कारखान्यात मी ट्रेसर होते.
आरवाडे साहेब लांबून ओळखायचे
रेघ ओढलीय की उरकलीय.
चुकलं की दाढीचं अर्धं ब्लेड घ्यायचं,
शाई खरवडायची, नखाने घासून जागा गुळगुळीत करायची.
तरी उजेडापुढे धरलं की ती दिसायचीच,
कोपरावर विरलेल्या सदऱ्यासारखी.
इथे दोन बोटं दाबली
की चूक झालीच नव्हती.
मला अजून त्याचं खरं वाटत नाही.

पडद्यावरची निळी रेघ म्हणजे अजून मोकळी,
ओढली तर सरकेल.
माप दिलं, कोन दिला, कशाला तरी टेकवली
की काळी होते.
फार बांधली तर लाल,
आणि यंत्र भांडायला येतं.
एक माप दोनदा सांगू नये, लिंडक्विस्ट मास्तर म्हणतात.
घरीसुद्धा.

फेब्रुवारीत ब्रॅकेट आलं. एक कान, दोन भोकं.
मी काढलं हाताला माहीत होतं तसं:
वरून दिसतं ते खाली,
डावीकडून दिसतं ते उजवीकडे.
कोपऱ्यातली छापील खूण,
छाटलेला शंकू आणि दोन वर्तुळं,
पाहिलीही नाही.
डार्नेलने माझ्या कागदावरून अॅल्युमिनियम कापलं.
कान भलतीकडे.
ब्रॅकेट आरशातलं.

मास्तरांनी ते उलटसुलट केलं, कडेवरून अंगठा फिरवला.
वस्तू झकास आहे, म्हणाले,
फक्त हिचं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही.
मग विचारलं, तुमच्याकडे असं का?

माझं इंग्रजी मोडकं, मार्कर बरा.
फळ्यावर डोळा काढला, पुढे वस्तू, तिच्यामागे भिंत.
वस्तू मधे उभी, तिची सावली पलीकडे पडते,
तोच कागद.
त्यांनी मार्कर घेतला.
डोळा. मग काच. वस्तू काचेच्या मागे.
काचेवर जिथे दिसेल, तिथल्या तिथे उतरवायचं.
वरचं वर. उजवीकडचं उजवीकडे.

हे सोपं नाही का, डार्नेल म्हणाला.
सोपं आहे, मी म्हटलं.

नऊ वाजता पार्किंगमध्ये माझी एकच गाडी,
काचेवर बोटभर बर्फ,
खरवडणी घरी राहिलेली.
पर्समध्ये लायब्ररीचं कार्ड सापडलं.
अर्ध्या ब्लेडसारखं धरलं,
कोपऱ्यापासून, एकाच दिशेने,
खालचा कागद फाटू नये असा हात ठेवून.
कोटाच्या खिशात ते ब्रॅकेट, गार पडलेलं,
त्याच्या चुकलेल्या कानाला मी गाडीची किल्ली अडकवलीय.

वीतभर जागा मोकळी झाली, तिला डोळा लावला.
स्टिअरिंग, लोंबता पट्टा,
चालकाची सीट रिकामी.
आरवाडे म्हणाले असते,
आहे पण दिसत नाही, तर तुटक रेघ मार,
सोडून देऊ नकोस.

गुरुवारी सेक्शन आहे.
कुठून कापायचं ते आपण ठरवायचं, म्हणालेत.