पुढचं उजवं, भोक चौथं

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार.
डबक्यावर बर्फाचा पापुद्रा,
पाय ठेवला की कुर्रकन मोडणारा.
योएनसूच्या आमच्या गल्लीत
घरोघरी गाड्या एका पायावर उभ्या.

समोरच्या हिल्का डॉक्टर
चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावल्या
आणि निवृत्त झाल्यावर
आपल्या चंदेरी गाडीच्या चार चाकांपाशी
स्टूल टाकून बसल्या.
गॅरेजात जायच्या नाहीत.
"ती त्यांची हवेची बंदूक!
भूल न देता दाढ उपटावी तसं करतात मेले."

मी अकरा वर्षांचा. मदतनीस.
मजुरी : दालचिनीचा एक पाव, तोही शेवटी.

आधी चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे,
अर्धा फेरा, जास्त नाही.
मग जॅक.
सॉकेटला बाहेरून चिकटपट्टीचे दोन वेढे.
"तिसरा घातलास तर भोकात अडकेल.
एकच घातलास तर तू मला भेटलाच नाहीस."
काढलेलं चाक ठेवायचं
सासूनं विणलेल्या चिंध्यांच्या सतरंजीवर,
तोंड वर करून.
"पालथं कोण झोपतं रे इतक्या थंडीत?"
आणि चाक उचलताना त्या हळूच पुटपुटायच्या,
दुखलं तर डावा हात वर कर.

दोन चाकं झाली.
तिसऱ्याला माझी बोटं बधिर,
आणि डोक्यात हवा, की आता आपल्याला येतं.
चिकटपट्टी एका बाजूनं फाटली होती.
मला दिसली होती.
मी बोललो नाही.

कर्र.

एवढासा आवाज.
वर तारेवर बसलेला कावळासुद्धा हलला नाही.
माझ्या मात्र कानापर्यंत गरम झालं.

डॉक्टरांनी पाना माझ्या हातातून घेतला नाही.
कोटाच्या खिशातून काढला
दांडीचा तो छोटा गोल आरसा
आणि चौथ्या भोकात सारून बघत राहिल्या,
कितीतरी वेळ.
मग डबा उघडला.
डब्यात कार्डं, पेशंटांची असतात तशी,
चार चाकांची चार.
लिहिलं :
पुढचं उजवं. भोक चौथं. चरा, तांदळाएवढा.
आणि पुढे माझं नाव, एल्यास, आणि तारीख.

"दुखलं का?" त्यांनी विचारलं.
मला की चाकाला, कळलं नाही.
मी नाही म्हणालो.
दोघांच्या वतीनं.

मग चढवली हिवाळ्याची चाकं,
काळी, लोखंडी, खिळ्यांची,
अंगभर ओरखडे. ती त्यांनी नुसती लोटत आणली.
"यांची कार्डं कुठायत?"
डॉक्टर जरा गप्प झाल्या.
"हिवाळ्यात," म्हणाल्या, "कोण कोणाचं तोंड बघतं?"
आणि शेवटचा नट आवळायला
मला न देता स्वतःच वाकल्या.

चंदेरी चारही तळघरात गेली,
एकावर एक,
मध्ये जुन्या चादरींचे तुकडे.
पाव मिळाला. नेहमीएवढाच मोठा.

पुढे त्यांची नजर अधू झाली, गाडी विकली.
नुर्मेसहून एक माणूस आला,
चाकांना लाथ मारून बघायला लागला
तशा त्या ओरडल्या.
पैसे मोजून झाल्यावर कार्डं त्याच्या हातावर ठेवली.
तो हसला, पण फेकली नाहीत,
समोरच्या खणात टाकली, आमच्यादेखत.

आता माझी स्वतःची गाडी आहे, स्वतःचं अंगण.
शेजारी विचारतो, दहा मिनिटांच्या कामाला
तुला दुपार कशी लागते?
मी वेढे मोजतो. दोन.
सतरंजी अंथरतो, आजूबाजूला बघतो,
कोणी नसलं तर चाकाशी चार शब्द बोलतो.

आणि तिकडे नुर्मेसला, किंवा आणखी कुठे
गाडी हातोहाती गेली असेल तिथे,
कोणीतरी तो खण उघडत असेल,
गोगल्स शोधायला, पावती शोधायला,
आणि हाती येत असेल माझा गुन्हा,
तारखेसकट.

अर्थात वाचता आला तर.
अक्षर डॉक्टरांचं आहे.