भरतीच्या वेळेची फेरी

साडेनऊला मळ्यातल्या झऱ्यापाशी जमा, असं कळवलेलं असतं मी.
टोपी, पाण्याची बाटली, पायाला न चावणाऱ्या वहाणा.
आज सातजण. सातवी जरा उशिरा,
गुडघ्याला पट्टा, हातात घडीची काठी,
हॉलंडच्या कुठल्याशा बंदरात तीस वर्षं
परक्या जहाजांना आत घेण्यात गेलेली.
नाव मार्येके.
"तुमची नदी," धाप आवरत ती म्हणाली,
"किती वाजता फिरते?"

आठ वर्षं काढतोय मी ही फेरी.
खिडक्यांतल्या शिंपल्यांबद्दल विचारतात,
कौलांवरच्या मातीच्या कोंबड्याबद्दल,
ही पिवळी भिंत दरवर्षी रंगवता का, इथे बिअर स्वस्त का.
नदीची वेळ कुणी विचारली नव्हती.
मी मोबाइल चाचपत राहिलो.
ओरेमच्या खाडीवर आलो तेव्हा
तिने होड्यांची नाकं बघितली, सगळी समुद्राकडे,
मग दगडी काठावरची ओली रेघ,
आणि म्हणाली, अजून पाऊण तास.

मी माझा पाठ सुरू केला.
पणजी म्हणजे कधी न बुडणारी जमीन, जुनी माणसं सांगतात.
(इथे लोक हसतात. मी त्यासाठी थांबतोच.)
पायाखाली खाजन होतं, खारं शेत,
तिथे बांध, इथे मीठ, पलीकडे पाटो.
आणि बाई, तुमच्या लोकांनी आमच्या नदीच्या तोंडावर
गलबतं उभी करून वर्षानुवर्षं वाट अडवली होती.
सहाजण हसले.
मार्येके काठी टेकून सरळ उभी राहिली,
"माफ करा," म्हणाली,
जणू नांगर तिनेच टाकला होता, आणि काल.

पाश्कोलचं सायकलचं दुकान माझ्या नकाशात नाही.
ती तिथे आपणहून थांबली.
पंक्चरच्या ट्यूबा, वंगणाचा डबा, पाने,
आणि हे सगळं ज्यावर पसरलेलं
ते मटीच्या लाकडाचं काळं, जाड फळकूट.
तिने बोटाच्या पेराने वाजवलं, वाकून
कडेचं झिजलेलं भोक शोधलं. बिजागरीचं.
"मानशीचं दार," पाश्कोल म्हणाला. "पायचें."
बाप मानशेकार होता त्याचा, मर्सेसच्या खाजनात,
अमावास्येलाही कंदील घेऊन बांधावर.
"शेत गेलें, दार उरलें."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं
पण दोघांनी आधीच तळवे समोर धरले होते.
त्याचा डावा म्हणजे नदी, उजवा म्हणजे दार:
पाणी चढलं, दार पाण्यानेच मिटलं,
पाणी ओसरलं, दार पाण्यानेच उघडलं.
ना कुलूप, ना माणसाचा जोर.
तिने त्याचा उजवा तळवा दोन बोटं खाली सरकवला.
पाश्कोल विचारात पडला.
मग त्याने मान डोलावली, हो, हो, तळाला फट हवीच,
मासळीला.

तेवढ्यात गटाराच्या जाळीतून पाणी वर आलं.
गाजावाजा नाही, घरचंच कुणी आल्यासारखं,
आधी जाळीभोवती, मग स्कूटरच्या चाकाखाली.
आभाळ कोरडं ठणठणीत.
सहाजण पायरीवर चढले, फोटो काढू लागले.
मार्येके गुडघ्याच्या पट्ट्यासकट खाली बसली,
बोट बुडवलं,
जिभेला लावलं.
खारं, म्हणाली.

शेकडो वेळा सांगितलंय मी, इथे समुद्र येत असे.
येत असे. होतं. असायचं.
चव कधी घेतली नव्हती.

सहाजणांना कॉफीला पाठवलं, फेरी जिथे संपते तिथे.
आम्ही तिघे दुकानाच्या दारात
ओल्या वहाणांनी उभे. पाश्कोलने एक चाक
बापाच्या दारावर आडवं ठेवलं, आरे कसत राहिला.
खाडीवरची पहिली होडी डळमळली,
नाक कुठे न्यावं ते तिला कळेना.
दहा पस्तीस.

रात्री उद्याच्या गटाला कळवायचंय:
साडेनऊ नाही, सव्वादहा, पाचदहा मिनिटं पुढेमागे.
परवा अकरानंतर.
रोज पाऊण-एक तास पुढे सरकणारी फेरी,
ऑफिसातल्या सुलक्षाबाई विचारतील, असं कसं चालेल,
पत्रकात काय छापू?
छापा काहीही.
वहाणा भिजतील, एवढं मात्र छापा.