कारणाचा रकाना

फॉर्मवर कारणाला दीड ओळ जागा.
डॉक्टर बाईंनी लिहिलं : साधनाचं अपयश.
छबूनं खाली सही केली, सातवीतल्या गोल अक्षरात,
आणि मला विचारलं,
"अपयश म्हणजे नापासच ना वो ताई?
मंग नापास कोण झालं?"

मी पिशवीत पाण्याची बाटली शोधत राहिले.

पाकीट मीच दिलं होतं तिला, पोळ्याच्या आठवड्यात.
सासू दारात उभी, शेणाचे हात तसेच,
म्हणून म्हटलं, रक्तवाढीच्या गोळ्या आहेत.
(अगदीच खोटं नव्हतं.
शेवटच्या सात खरंच लोहाच्या असतात.)
बाकीचं डोळ्यांनी सांगितलं.
डोळ्यांना 'रोज' म्हणता येत नाही.

तिचा नवरा बुटीबोरीला, कंपनीत.
शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटे जातो.
छबूनं गोळी खाल्ली शनिवारी. रविवारी.
नंतर पाकीट दाखवलं मला,
अठ्ठावीस घरांतली अकरा फुटलेली,
पाहुण्यापुरती साखर काढावी
तसं जपून वापरलेलं.

हिंगणघाटला जाताना, काळीपिवळीत,
ती खिडकीकडे तोंड करून बोलत होती.
लहानी अजून अंगावर पिते.
वेचणी चालू हाय, किलोमागं पैसे.
मागच्या खेपेले टाके उसवले होते.
मग बराच वेळ नुसता रस्ता.
"हे सारं खरं हाय.
पण हे नसतं तरी मले नको होतं.
असं लिवता येते का?"

दीड ओळीत मावलं असतं.

चार दिवसांनी गेले तर छबू आत झोपलेली
आणि सासू अंगणात, बरबटीच्या वाळल्या शेंगा सोलत.
मी सवयीनं आवाज खाली घेतला :
अशक्तपणा आहे, आराम करू द्या.

तिनं टोपलं बाजूला सरकवलं.
"माह्या वक्ती सुईनीनं कायची तरी मुळी देली होती.
बावीस दिवस बाजंवर होती मी.
माह्या जावंले त उठताच आलं नाई.
ते कोनत्या वहीत लिवलं तुमी?"

शेंगा तडकत राहिल्या.

"तू माह्यासमोर बोलली असती
त मी काय खाल्लं असतं तुले?"

मी नवं पाकीट काढलं. दार उघडंच होतं.
पहिल्यांदा त्या घरात मोठ्यानं म्हटलं,
रोज एक. तो घरी असो, नसो.

"रोज?" सासूनं शेंग थांबवली.
"सोमवारी बी?"