सतरावं पान

पॉलिसी विकताना मी
सतराव्या पानावर कधी थांबलो नाही.
तिथली बारीक ओळ कुणी बोटानं दाखवलीच
तर म्हणायचो, "ते आपल्यासाठी नव्हं."

आता महिन्याच्या दहा तारखेला
तासगावहून एसटी, सांगली सिव्हिल.
गोळ्या फुकट.
बाई वजन लिहितात,
"डोस चुकला का?" विचारतात,
हप्त्याचं कुणी काढत नाही.
बाटली खिशात खुळखुळते
म्हणून आत कापूस कोंबायचा,
एवढंच कलम.

परवा बाकावर निवास खोत.
माझंच गिऱ्हाईक.
नऊ वर्षं एक हप्ता चुकवला नाही,
क्लेम तेवढा परत आला.
त्यानं वर बघितलं.
मला वाटलं, आता सतरावं पान निघतंय.

तो नुसता सरकला, जागा केली,
म्हणाला,
"कापूस आहे का जास्तीचा?"